हवं ते शेवटी उचलायचं

चादर घ्यायची तर आधी नको असलेली उचलायची. ती उलगडायची, उजेडात धरायची, काठ ओढून बघायचा, नाक मुरडायचं आणि परत ठेवून द्यायची. मग तशीच दुसरी. हवी ती चादर ढिगात कुठे आहे हे मनात पक्कं असू द्यायचं, पण तिच्याकडे नजर जाऊ द्यायची नाही. निघायच्या वेळी, पिशवी खांद्याला लावल्यावर, आत्ताच आठवल्यासारखं विचारायचं, "आणि ती खालची हिरव्या काठाची? ती कशी लावलीय?" तोवर समोरचा दमलेला असतो. दमलेला माणूस खरा भाव सांगतो.

हे मला कुणी शिकवलं नाही. माझं माहेर माण तालुक्यातलं. वडिलांची मेंढरं होती. बाजारात बकरं घ्यायला आलेली माणसं कशी घुटमळतात, कुठल्या बकऱ्याच्या पाठीवरून हात फिरवतात आणि शेवटी दावं कुठल्याचं सोडतात, हे मी कुंपणावर बसून बघायची. लग्न होऊन कोरेगावला आले. नवरा फौजेत. मी टॉवेल आणि पंचे यांचं गाठोडं घेऊन आठवडी बाजार करायला लागले. पुढे साताऱ्यात गाळा घेतला, चादरी आल्या, बेडशीट आली, शटरवर रंगीत पाटी आली. नवरा फौजेतून परतला तेव्हा दुकान उभं होतं. त्याने फक्त गल्ल्यामागची खुर्ची घेतली.

मुलगी आमची त्या दुकानातच वाढली. चादरींच्या थप्पीला टेकून तिने पाढे पाठ केले. माझं बघून बघून तीही शिकली. चपलांच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, "बाळ, कुठली आवडली?" तर ती मुद्दाम न आवडलेल्या जोडाकडे बोट दाखवायची. तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. मी ही गोष्ट येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगायचे.

तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं हेही आम्हाला उशिरा कळलं. अकरावीला सायन्स घेतलं, नीटच्या क्लासला जायला लागली, आणि विचारलं तर म्हणायची, "बघू." पहिल्या वर्षी मार्क कमी पडले. रडली नाही. दुकानात आली आणि आलेला माल लावायला लागली.

त्याच दिवसांत मी दिवाळीच्या मालासाठी सांगलीजवळच्या माधवनगरला गेले. तिथे यंत्रमागावर टॉवेल-चादरी विणणारा एक मागवाला आहे. त्याचे टॉवेल धुतल्यावर आटत नाहीत, म्हणून मी सुरुवातीपासून त्याच्याकडूनच माल घेते. माणूस म्हणून मात्र तो मला कधी आवडला नाही. मी डोक्यावर गाठोडं घेऊन पहिल्यांदा त्याच्याकडे गेले तेव्हा त्याने मला उभंच ठेवलं होतं. ऑफिसात दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. ते मी विसरले नव्हते. त्यात त्या दिवशी त्याने मुलीची चौकशी केली. मार्क कमी पडले म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, "ताई, पोरीला दुकानात बसवा गपचीप. डॉक्टरकी म्हंजे काय टॉवेलाचा गठ्ठा न्हाई, ओढला अन् आला."

माग खडाखड चालू होते, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला. भाव ठरून बांधून झालेला गठ्ठा मी तिथेच सोडला. "ऱ्हाऊ द्या तुमचा माल," म्हणाले आणि चालत स्टेशन गाठलं. ती दिवाळी मी दुसऱ्या गावच्या मालावर काढली. गिऱ्हाइकांनी नंतर टॉवेल आटल्याच्या तक्रारी केल्या. ते मी परत घेतले, पण मागवाल्याकडे वर्षभर पाऊल टाकलं नाही.

मुलीने आणखी एक वर्ष तयारी करून परत परीक्षा दिली. या वेळी मार्क चांगले आले. एवढे चांगले की सरकारी कॉलेज मिळणार, असं सगळे म्हणायला लागले. कुठलं मिळणार, एवढाच प्रश्न उरला. राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकारी कॉलेजं आहेत. काही घरापासून तासाच्या अंतरावर, तर काही ठिकाणी पोचायला एक दिवस आणि एक रात्र लागते. आपण कॉलेजांची यादी क्रमाने भरायची आणि मार्कांप्रमाणे जागा मिळते. पाच-साडेपाच वर्षं पोरगी कुठे राहणार, हे त्या यादीवर ठरणार होतं.

माल विकायचा तर तो आधी सजवावा लागतो, हे मला कुणी सांगायला नको. लहानपणापासूनची तिची सगळी प्रशस्तिपत्रं मी प्लास्टिकमध्ये मढवून ठेवली होती. रांगोळी, खो-खो, विज्ञान प्रदर्शन, एन.सी.सी., वक्तृत्वात उत्तेजनार्थ, गावच्या पतपेढीने केलेला सत्कार. साताऱ्यात फॉर्म भरून देणारं एक केंद्र आहे, तिथल्या बाईंपुढे मी तो जाडजूड फोल्डर ठेवला.

त्यांनी दोन पानं उलटली आणि फोल्डर माझ्याकडे सरकवला. "काकू, यातलं काहीच लागत नाही."

"काहीच नाही?"

"मार्क बघतात. आणि रहिवासी वगैरे दाखले. रांगोळी कोण बघणार?"

मी चिडले. म्हटलं, खो-खोत राज्यापर्यंत गेलीय पोरगी, तुम्हाला वाचता येत नाही का? बाईंनी शांतपणे कॉम्प्युटरवर पुढचा रकाना काढला आणि विचारलं, "वडील काय करतात?"

"दुकानात बसतात," मी म्हणाले.

मुलगी माझ्या मागे उभी होती. तिने खालच्या आवाजात सांगितलं, "बाबा माजी सैनिक आहेत."

बाईंनी मान वर केली. "अहो मग हे आधी सांगायचं! माजी सैनिकांच्या मुलांना राखीव जागा असतात. सैनिक कार्यालयाचा दाखला आणा."

दहा वर्षांचा फोल्डर काखेत मारून मी दुकानात आले. नवरा टॉवेलांच्या घड्या घालत होता. म्हटलं, "आवं, तुमच्या फौजेच्या कागदाचा पोरीला उपयोग हाय, हे तुमाला ठाऊक व्हतं?"

"व्हतं की."

"मग बोलला का न्हाई?"

"तू रांगोळीचं लावत व्हतीस. म्हटलं लागत असंल ते बी."

दुसऱ्या दिवशी त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, डिस्चार्जचं पुस्तक रुमालात गुंडाळलं आणि कार्यालयात गेला. दाखला घेऊन आला तेव्हा त्याची मान जरा ताठ दिसली. तेव्हापासून कुणी विचारलं तर "दुकानात बसतात" असं मी सांगत नाही.

मग यादी. ती मी केली. मोबाइल मुलीचा, बोट मुलीचं, पण क्रम माझा. केंद्राबाहेरच्या रांगेत एका गृहस्थाने मला सांगितलं होतं की मोठं कॉलेज वर टाकलं तर नंबर फुकट जातो. मला ते लगेच पटलं. हपापलेलं गिऱ्हाईक दिसलं की दुकानदार भाव चढवतो. म्हणून जी दोन कॉलेजं नक्की मिळतील असं वाटत होतं, ती वर घातली. एक विदर्भाच्या पार टोकाला, दुसरं मराठवाड्यात. मग आणखी काही लांबची. साताऱ्याचं, जे मला मनापासून हवं होतं, ते खाली कुठेतरी, आपल्याला त्याची काही पडली नाही अशा थाटात. सांगलीकडचं त्याच्या खाली. पुण्याचं लिहिलंच नाही.

"आई, ते वरून खाली वाचतात," मुलगी म्हणाली.

"म्हणूनच. वर मिळणारं ठेवायचं. एकदा हातात काही आलं की मग बदलून घेऊ."

"बदलून मिळतंच असं नाही."

"सगळं मिळतं. मागता आलं पाहिजे. तुला कुठलं पाहिजे?"

"कुठलंही चालेल," ती म्हणाली.

हे उत्तर मला शहाणपणाचं वाटलं. यादी भरली, पक्की करायचं बटण तेवढं दाबायचं ठेवलं. दुकानाचं शटर मी पहिल्यांदा मंगळवारी उघडलं होतं, म्हणून बटणही मंगळवारी संध्याकाळी दाबायचं ठरवलं. मुदत त्याच रात्रीपर्यंत होती.

मधला सोमवार मोकळा होता. त्या दिवशी मी मुलीला घेऊन मुद्दाम माधवनगरला गेले. मालाचं निमित्त होतं. खरं म्हणजे मला त्या मागवाल्यापुढे पोरगी उभी करायची होती.

पॅसेंजरने गेलो. वाटेत कोरेगावला भाजीवाल्या बायका चढल्या, कऱ्हाडला उतरल्या, मुलगी खिडकीतून बघत होती आणि मी काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

मागवाला आम्हाला बघून उठला. वर्षभराने आल्याबद्दल तो काही बोलला नाही. खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सांगितलं, "मार्क पडले पोरीला. सरकारी मिळतंय."

"आरं व्वा!" तो खरोखर खूश झाल्यासारखा दिसला, त्यामुळे माझी जुळवलेली अर्धी वाक्यं वाया गेली. "कुठलं टाकलंय वर?"

मी यादीचा क्रम सांगितला. थोडा अभिमानानेच. सगळं ऐकून घेतल्यावर तो एवढ्या मोठ्याने हसला की मागावरचा माणूस वळून बघायला लागला.

"ताई, यादीत बी चादरीच केल्यात व्हय तुमी?"

"म्हंजे?"

"म्हंजे नको ती आधी. अवं, माझ्या पुतण्याच्या वेळंला आमी ह्यातनं गेलोय. त्यो कॉम्प्युटर काय माझ्यागत न्हाई. तुमी पयली चादर उचलली, त्याच्याकडं शिल्लक असली, की 'घ्या' म्हणतो अन् गठ्ठा बांधतो. खालची उलगडून बी बघत न्हाई."

"मग वर मोठं टाकून न्हाई मिळालं तर?"

"तर खाली उतरतो. त्याच्या खालचं बघतो. रागावत न्हाई, भाव चढवत न्हाई. त्याला काय कळतंय तुमाला काय पायजे ते? सांगंल तेच खरं धरतो. अन् एकदा पयल्या नंबराचं दिलं, की मग बदलून बिदलून काय न्हाई. जायाचं, न्हाईतर सोडायचं."

माझ्या डोळ्यांपुढे विदर्भाचं ते टोक उभं राहिलं. नकाशावर मी ते एकदाच बघितलं होतं. मी मुलीकडे वळले आणि सगळा राग तिच्यावर काढला. "तुला म्हाईत व्हतं ना? मग बोलली का नाहीस?"

ती जमिनीवरच्या कापसाकडे बघत होती. "बोलले होते. तू म्हणालीस, मागता आलं पाहिजे."

"अन् तुला न्हाई आलं मागता?"

"मला वाटलं, जास्त मागितलं तर तेही जाईल. गेल्या वर्षीसारखं."

मागवाल्याने हातातला टॉवेल बाजूला ठेवला. "पोरी," तो म्हणाला, "आईचं ऱ्हाऊ दे. तुला कुठलं पायजे?"

माग चालू होता. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मला जाणवलं की इतक्या वर्षांत मला तिच्या तोंडावरून कधी काही कळलेलं नाही. मीच तिला तसं केलं होतं आणि गिऱ्हाइकांना सांगत फिरले होते.

"पुण्याचं," ती अखेर म्हणाली. "मिळणार नाही. पण पाहिजे."

"मिळणार न्हाई ते कशाला लिवायचं?" मी म्हणाले.

"पाहिजे म्हणून."

"बरं, आन मग? साताऱ्याचं?"

"नाही. सांगलीकडचं." एकदा बोलायला लागल्यावर ती थांबेना. "जुनं आहे. पेशंट लय येतात. जतकडनं येतात, कर्नाटकातनं येतात, आपल्या माणमधनं येतात. शिकायला मिळेल. आणि साताऱ्यात राहिले तर तू मला सुट्टीच्या दिवशी दुकानात बसवशील."

मागवाला परत हसला. मला हसू आलं नाही, निदान तेव्हा तरी नाही. मी तिच्यासाठी घरची खोली रंगवून घ्यायचं मनात धरलं होतं.

यादी तिथेच त्याच्या ऑफिसात बदलली. तिने मोबाइल घेतला, मी त्या पुढे केलेल्या खुर्चीवर बसले. पुणं वर गेलं. सांगलीकडचं त्याखाली. मग कोल्हापूर, मग साताऱ्याचं, आणि मग बाकीची, जशी घरापासून लांब जातील तशी. विदर्भातलं ते कॉलेज सगळ्यात खाली गेलं. मला राहवेना. मी म्हणाले, साताऱ्याचं जरा वर घे. ती म्हणाली, "आई, नको." चढ्या आवाजात नाही, पण तिने मला "नको" म्हटल्याचं मला त्याआधीचं काही आठवत नाही. बटण तिने तिथेच दाबलं. मंगळवारची वाट बघितली नाही.

निघताना मी सवयीप्रमाणे पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, "आणि ते खालचे निळ्या पट्ट्याचे टॉवेल? ते कसे लावलेत?"

मागवाला म्हणाला, "ताई, एक सांगू? राग नका मानू. तुमी शेवटी जे इचारता ना, त्याचाच भाव मी पयल्यापासनं चढवून सांगतोय. बाकी समद्याचा रास्त."

इतकी वर्षं. इतके टॉवेल. परतीच्या गाडीत मी कऱ्हाडपर्यंत मनात जुने भाव जुळवत बसले. मुलगी मधूनमधून तोंडावर ओढणी धरून हसत होती. कऱ्हाड गेल्यावर मी म्हणाले, "त्यानं पहिल्या दिवशी मला उभं ठेवलं होतं, ठाऊक आहे का तुला?" ती म्हणाली, "ठाऊक आहे आई. दर दिवाळीला सांगतेस."

मग कुठलं कॉलेज मिळालं ते कळेपर्यंत दिवस मोजत बसण्याखेरीज काही काम उरलं नाही. नवरा रोज सकाळी तेच विचारायचा, "आलं का गं?" आणि मी रोज त्याच्यावर ओरडायचे. मुलगी दुकानात बसायची. सुट्टी नसतानाही.

आलं तेव्हा दुकानात लग्नाच्या बस्त्याची मंडळी होती. एक म्हातारी पंचे ओढून बघत होती. मुलीने मोबाइल बघितला, काउंटरवर ठेवला, परत उचलून बघितला.

"पुणं नाही मिळालं," ती म्हणाली.

मी पंच्यांवरचा हात काढला.

"सांगलीकडचं मिळालं."

नवऱ्याने हातातल्या टॉवेलाची घडी घातली, मोडली आणि परत घातली. म्हातारीने विचारलं काय झालं, आणि मी सांगितलं की पोरीला डॉक्टरकी लागली, आणि मी म्हातारीला, माझ्या धंद्यात कधी नाही ते, तिने मागितलेल्या भावाला पंचे देऊन टाकले. तिला संशय आला. दोनदा विचारलं, पंचे आटत तर नाहीत ना म्हणून.

वर टाकलेलं मिळालं नाही आणि नंबरही फुकट गेला नाही. कॉम्प्युटर रागावला नाही. खाली उतरला. रांगेतला तो गृहस्थ मला परत भेटला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

होस्टेलला सोडायला आम्ही तिघं गेलो. ट्रंक, बादली, उशी, सगळं होतं, फक्त चादरी नव्हत्या. दुकान चादरींनी भरलेलं असताना मुलगी म्हणाली, माधवनगरहून घेऊ. म्हणून वाट वाकडी केली.

मागवाल्याने या वेळी आम्हा तिघांनाही खुर्च्या दिल्या. नवऱ्याशी फौजेचं काही बोलला. मी आल्या आल्या ठरवलं होतं की आता त्याला विचारायचंच. विचारलं, "डॉक्टरकी म्हंजे टॉवेलाचा गठ्ठा न्हाई, कोण म्हणालं व्हतं?"

"कोण म्हणालं?" त्याने इतक्या भाबड्या चेहऱ्याने विचारलं की मला कळेना, विसरलाय की सोंग करतोय. मला अजून कळलेलं नाही. मी ते सोडलेलंही नाही.

तेवढ्यात मुलगी उठली. सरळ ढिगाकडे गेली, वरच्या चार-पाच चादरी बाजूला केल्या आणि मधून एक ओढून काढली. जांभळी, पांढऱ्या काठाची. मी ती आत शिरतानाच हेरली होती आणि तिच्याकडे बघायचं टाळत होते.

"ही पाहिजे मला," ती म्हणाली. त्याच्यासमोर. दोन्ही हातांनी छातीशी धरून.

मी डोळे मिटले. सौदा संपला होता.

"बिघडवलीत तुमी पोरगी," मागवाला मला म्हणाला आणि भाव सांगितला. चढवलेला होता की रास्त, हे आता मला कधीच कळणार नाही. मी घासाघीस करायला तोंड उघडलं, तर मुलगी म्हणाली, "आई, राहू दे ना. हीच पाहिजे." नवरा दाराकडे बघत हसत होता.

मी पैसे दिले. वर दोन नॅपकिन मागून घेतले, फुकट. त्यावर तो कुरकुरला आणि मला बरं वाटलं.